पाच नंबरची दाढी

माणूस सुधारायला किती वेळ लागतो असं मला कुणी विचारलं, तर मी सांगतो, चाळीस मिनिटं. दाढी आधीच विंचरून ठेवलेली असली तर पस्तीस. बिघडवायला मात्र तासभर जातो. दारुड्याच्या डोळ्यांखालची सूज खरी दिसावी लागते. घाई केली की तो दारुडा न दिसता हळदीला जागलेला नवरदेव दिसतो.

मी मुबारक, रंगभूषाकार. सांगलीत आमच्या गल्लीत ‘मेकपवाला’ आणि नाटक-सिनेमाच्या लोकांत ‘मामा’. चौतीस वर्षं हेच केलं. गेल्या वर्षी हात किंचित थरथरायला लागला, भुवईची रेघ सरळ जाईना, तेव्हा पेटी बंद केली. एवढ्या वर्षांत मी राजे केले, भुतं केली, आणि देव तर इतके केले की बायको म्हणायची, ‘‘इत्ते देव बनाए तुमने, एकाद्याला सांगून घर का नळ तो दुरुस्त करवाओ.’’

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. जत तालुक्यातल्या एका गावात जत्रेच्या नाटकात मी एकाला शंकर केला होता. गडी निळ्या रंगातच झोपला आणि सकाळी तोंड खसाखसा धुऊन मुलगी बघायला गेला. कान निळेच राहिले. मुलीच्या आजीनं म्हणे त्याला हात जोडले. लग्न जमलं. पत्रिका मला सगळ्यात आधी आली.

पण आज सांगायचंय ते एका सिनेमाचं. भक्तिपट होता. शूटिंग चालू असतानाच त्याचं नाव तीनदा बदललं, म्हणून नावाच्या भानगडीत मी पडत नाही. गोष्ट अशी होती, की भीमा नावाचा एक दारुडा आपल्या गावच्या देवाचा चांदीचा मुखवटा चोरून विकतो, परागंदा होतो, पुढे त्याचं मन त्याला खायला लागतं. म्हातारपणी तो गावात परत येतो, देवळाच्या पायरीशी बसून आल्यागेल्याला पाणी पाजतो, आणि शेवटी गावातली सगळ्यात वडीलधारी बाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला माफ करते.

बाहेरच्या लोकांना वाटतं, सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनं काढतात. तसं नसतं. ऊन कुठं आहे, नट कधी मोकळा आहे, देऊळ कधी मिळतंय, त्यावर सगळं ठरतं. त्यामुळे भीमा सकाळी भक्त असायचा, जेवणानंतर चोर, आणि चहाच्या वेळी त्याला पुन्हा थोडा पश्चात्ताप व्हायचा. हे सांभाळायला मी त्याच्या पाच दाढ्या केल्या होत्या. एक नंबर म्हणजे भांडखोर, दोन दारुडा, तीन फरार, चार पस्तावलेला आणि पाच नंबर पांढरी, छातीपर्यंत, पुण्यवान. बारीक जाळीवर एकेक केस ओवून दाढी करतात. ती डिंकानं गालावर बसवायची, आणि काढताना कापूस औषधात भिजवून हळूहळू कडा सोडवायची. पाचही दाढ्या मी गुलाबजामच्या रिकाम्या डब्यांत ठेवायचो. दिग्दर्शक निखिल पुण्याचा, वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढा, अतिशय सज्जन. तो सकाळी विचारायचा, ‘‘मामा, आज कितवा डबा?’’

शूटिंग माण तालुक्यात, दहिवडीच्याही पुढच्या एका गावात होतं. आणि भीमाचं काम करत होते जयवंतराव.

जयवंतरावांनी जन्मभर खलनायक रंगवले. त्या वर्षी एका मालिकेत ते सुनेला विहिरीत ढकलणारे सासरे होते, आणि ती मालिका गावातल्या घराघरात बघितली जायची. आम्ही गावात पोचलो त्या दिवशी ते चहाच्या टपरीवर गेले. टपरीवाल्या बाईनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘च्या संपला.’’

‘‘अहो, पातेलं तर उकळतंय,’’ जयवंतराव म्हणाले.

‘‘उकळू द्या. तुमच्यापुरता संपला.’’

बायका त्यांना बघून पोरं आत घ्यायच्या. जयवंतराव माझ्या खुर्चीत बसून आरशाला सांगायचे, ‘‘तीस वर्षं मन लावून काम केल्याचं हे बक्षीस, मामा.’’ मी ‘‘हूं’’ म्हणायचो आणि डिंकाचा ब्रश बुडवायचो. मला त्यांची दया येत नव्हती. त्याचं कारण जुनं होतं.

त्याच्या अठरा वर्षं आधी आम्ही दोघं एकाच नाटक कंपनीत होतो. कंपनी अण्णांची. अण्णा म्हणजे मालक, व्यवस्थापक आणि प्रसंगी प्रॉम्प्टरही. सांगलीच्या प्रयोगाला जयवंतराव उशिरा आले, तेही घाईघाईत दाढी करून, गालावर चार ठिकाणी कापून. मी म्हणालो, ‘‘आज चिकटवायची दाढी नको. कापलेल्यावर डिंक बाधेल. मी रंगानंच दाढी काढून देतो.’’ ते म्हणाले, ‘‘पहिल्या रांगेत मुंबईचा निर्माता बसलाय. रंगवलेली दाढी घेऊन जाऊ? चिकटवा.’’ मी चिकटवली. दुसऱ्या अंकात त्यांचा गाल पुरीसारखा फुगला आणि प्रयोग अर्ध्यावर बंद करावा लागला. सगळी मंडळी आत जमली. अण्णांनी विचारलं, ‘‘काय झालं?’’ जयवंतराव गालावर बर्फ धरून म्हणाले, ‘‘मामांनी डिंक बदललाय. हलका आणलाय.’’

मी तिथंच उभा होतो. ‘खोटं आहे’ एवढे दोन शब्द बोलायचे होते. जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला कंपनीतून काढलं. नाटकवाल्यांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. तीन वर्षं मला एकाही कंपनीनं बोलावलं नाही, आणि घरीही मी कुणाशी धड बोलेनासा झालो. मग माधवनगरात आणि आसपासच्या मंगल कार्यालयांत नवऱ्या मुली सजवल्या. नवऱ्या मुली रडतात, म्हणून न ओघळणारं काजळ कसं लावायचं ते तेव्हा शिकलो. पुढे मालिकांनी मला परत बोलावलं, सगळं ठीक झालं, पण ते ठीक होणं म्हणजे फुटलेल्या कपाला पुन्हा कान चिकटवल्यासारखं. चहा पिता येतो, पण उचलताना लक्ष तिकडेच.

आणि आता अठरा वर्षांनी तोच गाल रोज सकाळी माझ्या हाती आला होता. जयवंतराव त्या प्रसंगाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. पण खरं लिहायला बसलोय तर सगळंच लिहितो. डिंक मी एक हात जास्तच लावत होतो. आणि संध्याकाळी दाढी काढताना डिंक नीट सुटायच्या आतच ओढत होतो. ते नुसते ‘‘स्स’’ करायचे. त्या ‘स्स’साठी मी दिवसभर वाट बघायचो. या वयात, नातवंडं असलेल्या माणसानं हे करायचं म्हणजे लाज वाटायला हवी. तेव्हा वाटत नव्हती.

वीस-बावीस दिवस असेच गेले आणि शेवटचा प्रसंग आला. देऊळ आम्हाला फक्त त्याच दिवशी मिळालं होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून गावात जत्रेचे मांडव पडणार होते. मागच्या माळावर दृश्यासाठी आणलेली दोनशे मेंढरं उभी होती, आणि त्यांचा मालक सांगून बसला होता, ‘‘उद्या आमी चाऱ्याला खाली निघणार. नंतर म्हनू नगा.’’ एवढी जमवाजमव झाल्यावर सकाळी फोन आला, की माफ करणाऱ्या बाईचं काम करणाऱ्या नटीचा साताऱ्यात पाय मुरगळला आणि ती येऊ शकत नाही.

निखिल डोकं धरून पायरीवर बसला. पलीकडच्या पायरीवर हौसाआक्का वाती वळत बसल्या होत्या. त्या रोज तिथं बसायच्या. संध्याकाळचा देवाचा दिवा त्याच लावायच्या. वय ऐंशीच्या घरात, चेहऱ्यावर सुरकुत्यांची अशी दाट वीण, की ती करायला मला चार तास लागले असते. निखिलनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, ‘‘हिला मी काही लावणार नाही.’’ धंद्याचा अपमानच, पण खरं ते खरं.

आक्का तयार झाल्या. एकच वाक्य होतं: ‘ऊठ लेकरा, देवानं तुला माफ केलं.’

‘‘म्हनायचं कुनाला?’’ आक्कांनी विचारलं.

‘‘भीमाला, आज्जी. म्हणजे ह्यांना,’’ निखिल म्हणाला.

जयवंतराव पाच नंबरची दाढी लावून, हात जोडून पायरीशी बसले होते. आक्कांनी निरखून बघितलं.

‘‘ह्यो? ह्यो तर सुनंला हिरीत ढकलनारा!’’

‘‘ते मालिकेत, आज्जी. ते खोटं असतं.’’

‘‘आन ह्ये?’’

निखिल अडखळला. ‘‘हेही... म्हणजे अभिनयच.’’

‘‘मग खोट्या पापाला खरी माफी कशी द्यायची रं बाबा?’’

निखिल माझ्याकडे बघायला लागला. मी कंगव्याकडे.

तरी आक्का बसल्या. कॅमेरा चालू झाला. जयवंतरावांनी डोळ्यांत पाणी आणून पायरीवर डोकं टेकलं. आक्कांनी हात उचलला, तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. पाच वेळा झालं. निखिलनं हात जोडून विचारलं, ‘‘आज्जी, काय अडचण आहे?’’

‘‘अडचन कसली? ह्या पायरीवर बसून देवाम्होरं खोटं बोलले, तर सांजच्याला कुठल्या तोंडानं दिवा लावू? तुमी जाताल पुन्याला. मला हितंच ऱ्हायाचंय.’’

ऊन उतरायला लागलं. मेंढरं कंटाळून ओरडत होती. अख्खं गाव कडेनं जमलं होतं. शेवटी आक्काच जयवंतरावांकडे वळल्या.

‘‘तू एक सांग. त्यो भीमा ऱ्हाऊ दे. तू सोता खरं काय केलंयस का कवा? त्ये सांग. मग मी बगते.’’

निखिलनं कॅमेरावाल्याला खुणेनंच चालू ठेवायला सांगितलं.

जयवंतरावांनी पायरीवरून डोकं उचललं. घामानं दाढीची उजवी कडा सुटायला लागली होती. ती मला दिसली आणि मी सवयीनं पुढे झालो, ब्रश घेऊन. तर त्यांनी माझं मनगट धरलं.

‘‘थांबा, मामा,’’ ते म्हणाले. आणि आक्कांकडे वळून म्हणाले, ‘‘ह्या माणसाचं मी वाटोळं केलंय, आक्का.’’

मग त्यांनी सगळं सांगितलं. कापलेला गाल, मी केलेली मनाई, पहिल्या रांगेतला निर्माता, बर्फ, आणि ते वाक्य. म्हणाले, ‘‘मला भीती वाटली. उशीर माझा, घाई माझी, हे कळलं असतं तर त्या निर्मात्यानं मला घेतलं नसतं. त्यानं मला घेतलंच नाही, ते वेगळं. पण ह्यांची तीन वर्षं गेली. आणि गेले वीस दिवस मी रोज ह्यांच्या खुर्चीत बसतोय आणि आज सांगू, उद्या सांगू करतोय.’’

हे सिनेमातलं का खरं, हे गावाला कळत नव्हतं. मागून एकजण म्हणाला, ‘‘डायलॉग झ्याक हाय गड्या.’’

आक्कांनी जयवंतरावांच्या डोक्यावर न ठेवता हात सरळ माझ्याकडे केला.

‘‘मग माज्याम्होरं गुडघं कशापायी टेकलंस? त्यो हितं हुबा हाय की, पावडरवाला. त्येला सांग.’’

आता सगळ्या गावाचे डोळे माझ्यावर. कॅमेरा चालू. तोवर मी कायम पडद्याच्या नाहीतर कॅमेऱ्याच्या मागं उभा होतो, पुढं कधी नाही. जयवंतराव गुडघ्यांवरच माझ्याकडे वळले, हात जोडून, पांढऱ्या दाढीत. अशा वेळी मोठ्या मनाचं काहीतरी बोलायचं असतं. मला तेही सुचत होतं. पण आक्कांसमोर खोटं बोलायची आता माझीही छाती होईना.

मी म्हणालो, ‘‘जयवंतराव, ह्या गावात मला कोण ओळखतं? इथं माझं काही गेलंच नव्हतं. गेलं ते सांगलीत, कंपनीच्या माणसांसमोर. तुम्हाला सांगायचंय ना? मग तिथं सांगा.’’

‘‘सांगतो,’’ ते म्हणाले.

‘‘कधी?’’

‘‘अण्णा आहेत अजून. त्यांच्यासमोर, सगळ्यांसमोर सांगतो.’’

मग आक्कांचा हात जयवंतरावांच्या डोक्यावर गेला.

‘‘ऊठ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सांगून ये आदी. मग बगू. ऊठ, दगडावर बसून गुडघं धरत्यात.’’

निखिल ‘कट’ म्हणायचं विसरलाच. सिनेमात त्यातलं फक्त ‘ऊठ’ एवढंच ठेवलंय, मागं मेंढरांच्या घुंगरांसकट. तेवढं पुरलं. आणि पडद्यावर त्या प्रसंगात जयवंतरावांच्या दाढीची उजवी कडा स्पष्ट सुटलेली दिसते. माझ्या सगळ्या कामातला हा एकच दोष, आणि तो नेमका मोठ्या पडद्यावर. एका परीक्षणात लिहूनही आला. मी निखिलला म्हणालो होतो, पाहिजे तर पाया पडतो, पण पुन्हा घे. तो म्हणाला, ‘‘मामा, देवळात बसून खोटं कसं घेऊ?’’ पोरगं आक्कांकडून लगेच शिकलं.

त्या संध्याकाळी आम्ही जीपनं मुक्कामाच्या ठिकाणी परत निघालो. मागच्या सीटवर आम्ही दोघंच होतो. मला गप्प बसवेना. मी म्हणालो, ‘‘जयवंतराव, मलाही एक सांगायचंय. डिंक मी जरा जास्त लावत होतो. आणि काढताना...’’

‘‘माहीत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘डाव्या गालाला जास्त.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘सुजला होता तो डावाच गाल ना? मला वाटलं, चाललंय ते रीतसर चाललंय.’’

ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं, कारण दोन म्हातारे एकदम मोठ्यानं हसले होते.

पण हसलो म्हणून मी विसरलो असं नाही. सिनेमा साताऱ्यात एक आठवडा आणि सांगलीत दोन आठवडे चालला. मग पाच महिने गेले, जयवंतरावांचा फोन नाही. मी बायकोला म्हणालो, ‘‘बघ, नट तो नटच. पायरीवर बोलला, खाली उतरला आणि विसरला.’’ ती म्हणाली, ‘‘तुमने बी तो फोन नहीं किया.’’ हे खरं होतं.

मग अण्णांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसानिमित्त कंपनीच्या जुन्या मंडळींनी सांगलीत एका सकाळी स्नेहमेळावा ठेवला. आमंत्रण मलाही आलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी शेवटच्या रांगेत बसलो. भाषणं झाली, शाल झाली. अण्णांना आता फार कमी ऐकू येतं, आणि भाषणाच्या वेळी ते कानातलं मशीन काढूनच ठेवतात. तेवढ्यात जयवंतराव उठून त्यांच्यापाशी गेले.

‘‘अण्णा, सांगलीच्या प्रयोगात गाल सुजला, ती चूक माझी होती.’’

‘‘काय?’’ अण्णा म्हणाले.

जयवंतरावांनी आवाज चढवला. ‘‘मामांचा डिंक चांगला होता! मी खोटं बोललो!’’

‘‘डिंकाचे लाडू? जेवणानंतर आहेत म्हणे.’’

सभागृहात खसखस पिकली. मला वाटलं, संपलं, आता हे हसण्यावारी जाणार आणि जयवंतरावांना सुटका मिळणार. त्यांनाही ती वाट दिसली असणार. पण त्यांनी अण्णांच्या टेबलावरचं मशीन उचललं, स्वतःच्या हातानं त्यांच्या कानात बसवलं, आणि तरीही छातीतून आवाज काढला, तोच खलनायकाचा आवाज, माईकशिवाय शेवटच्या रांगेत पोचणारा.

‘‘अण्णा, मुबारकमामांनी मला नको म्हणून सांगितलं होतं! मी ऐकलं नाही, आणि नाव त्यांचं घेतलं! तुम्ही निर्दोष माणूस काढलात, माझ्यामुळे!’’

स्वयंपाकघरातून आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला. कुणी हसलं नाही. अण्णांनी सगळीकडे नजर फिरवून मला शोधलं.

‘‘मला तेव्हाच शंका आली होती,’’ ते म्हणाले. ‘‘पण तू काही बोललाच नाहीस रे.’’

‘‘नाही बोललो, अण्णा.’’

‘‘आणि मीही विचारलं नाही. मालक होतो, विचारायला हवं होतं.’’ त्यांनी हात जोडले. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसानं आपल्याला हात जोडावेत हे बघवत नाही. मी जाऊन ते धरले.

जयवंतराव अजून उभेच होते. बसावं की नाही, त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना ओढत बाहेर व्हरांड्यात नेलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, ‘‘मामा, आक्कांना सांगायचंय. नंबर आहे का?’’ आक्कांच्या नातसुनेचा नंबर माझ्याकडे होता. लावला.

‘‘कोन?’’ पलीकडून आक्का ओरडल्या. फोनवर ओरडावंच लागतं अशी त्यांची समजूत आहे.

‘‘आक्का, मी जयवंत. भीमा.’’

‘‘सांगितलंस का?’’

‘‘सांगितलं. सगळ्यांसमोर.’’

‘‘मग?’’

‘‘मग... तुम्ही म्हणाला होता, सांगून ये, मग बघू.’’

‘‘आरं, मी कोन बगनारी? पावडरवाला हाय का तितं? त्येला दे.’’

जयवंतरावांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एवढा मोठा नट, पण पाठ लपवता येत नव्हती.

‘‘बोला, आक्का,’’ मी म्हणालो.

‘‘केलं का रं माफ?’’

मी त्या पाठीकडे बघितलं. तीन वर्षांच्या सगळ्या नवऱ्या मुली, त्यांची काजळं, घरी मी धरलेला अबोला, सगळं एकदा आठवून बघितलं. कुठं काही टोचतंय का ते नीट चाचपलं. थोडं टोचत होतं. पण पहिल्याइतकं नाही.

‘‘केलं, आक्का,’’ मी म्हणालो. आणि म्हटल्यावर लक्षात आलं, की हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नाही.

‘‘मग झालं तर,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘ठेव आता. हिकडं भाकरी करपतीया.’’